रक्ताची बाजू, पोकळीची बाजू

निरोगी माणसाच्या दोन मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्राव रक्तातून गाळला जातो. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असते आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर. लघवीवाटे बाहेर जाते ते मात्र दीड-दोन लिटर पाणी, साधारणपणे जेवणातून पोटात गेले तेवढेच मीठ, म्हणजे दहा ग्रॅमच्या आगेमागे, आणि साखर जवळपास शून्य. बाकीचे सगळे परत रक्तात. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी, असे आपण शाळेत शिकतो. आणि ते चहाच्या गाळणीचे चित्र एकदा डोक्यात बसले की पुढे डॉक्टर झालेल्यांच्याही डोक्यातून सहसा हलत नाही. चित्र खोटे नाही, पण ते कामाच्या स्वस्त भागाचे आहे. गाळण्याचे काम हृदयाच्या दाबावर होते, त्यासाठी मूत्रपिंडाला स्वतःची फारशी शक्ती खर्चावी लागत नाही. खर्च होतो तो परत घेण्यात. शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही नसलेले हे दोन अवयव, आपण स्वस्थ बसलेले असताना, शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनपैकी सात ते दहा टक्के ऑक्सिजन घेतात, तो मुख्यतः यासाठी.

परत घ्यायचे तर 'कुठून' आणि 'कुठे' हे ठरलेले हवे. मूत्रपिंडातल्या नलिकेची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. प्रत्येक पेशीची एक बाजू नलिकेच्या पोकळीकडे, जिथून होणारी लघवी वाहते. दुसरी बाजू रक्तवाहिन्यांकडे. रक्ताच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलेले असतात. पंपाच्या प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर जातात आणि दोन पोटॅशियम आत येतात. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई राहते. ती भरून काढायला पोकळीच्या बाजूने सोडियम आत शिरते आणि येताना साखर, अमिनो आम्ले, फॉस्फेट यांना सोबत घेऊन येते. मग हे सारे रक्ताच्या बाजूने बाहेर पडते. आता हेच पंप पेशीच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून टाकले, अशी कल्पना करा. प्रथिन तेच, संख्या तेवढीच, इंधनही तितकेच जळते आहे. पण मीठ कुठेच जात नाही. एकाही जनुकात बिघाड नसताना, केवळ जागा चुकल्यामुळे, मूत्रपिंड बंद पडेल.

पेशीच्या या दोन बाजू वेगळ्या असण्याला ध्रुवीयता म्हणतात, आणि ती कशी जन्मते, कशी टिकते, कशी मोडते हा पुढच्या सगळ्या प्रकरणांचा विषय आहे. तसे पाहिले तर शरीरक्रियाशास्त्राला ती फार आधी दिसली होती. १९५८ मध्ये डेन्मार्कचे हान्स उसिंग आणि त्यांचे सहकारी कोफोड-योहान्सेन यांनी बेडकाच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले, की तिच्यातून मीठ आरपार नेणाऱ्या थराच्या बाहेरच्या बाजूचे पटल सोडियमला वाट देते आणि आतल्या बाजूचे पटल ते पुढे ढकलते. म्हणजे पटले दोन, स्वभाव दोन. पण पेशीला दोन स्वभावांची पटले मिळतात कशी, हा प्रश्न त्या काळी विचारण्याची सोयच नव्हती. त्यासाठी मूत्रपिंडाची पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत जगवता यायला हवी होती.

इथे ग्लासगो येते. जहाजे आणि आगगाडीची इंजिने ही या शहराची जुनी ओळख. इथल्या कारखान्यांत घडलेली इंजिने हिंदुस्थानातल्या लोहमार्गांवर वर्षानुवर्षे धावली. मूत्रपिंडाशी या शहराचा संबंध तितका ठाऊक नसतो. ही प्रस्तावना ग्लासगोत बसून लिहिली जाते आहे, म्हणून मी ते नाव ओढूनताणून आणतो आहे असे कुणाला वाटेल. वाटो. पण ध्रुवीयतेच्या कथेतले चार-पाच धागे या एका शहरातून जातात आणि ते जोडून क्वचितच सांगितले जातात.

पहिला धागा विषाणूंचा. मार्च १९६१ मध्ये ग्लासगो विद्यापीठात इयन मॅकफर्सन आणि मायकेल स्टोकर यांनी एक दिवसाच्या पाच हॅमस्टर पिल्लांच्या मूत्रपिंडांतून पेशी काढून वाढवायला घेतल्या. त्यातून निघालेला पेशीवंश बीएचके-२१ या नावाने जगभर गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या पर्ब्राइट इथल्या संशोधकांनी दाखवले, की लाळ्या खुरकुताचा विषाणू या पेशींवर उत्तम वाढतो. आज भारतात गाईम्हशींना टोचली जाणारी या रोगाची लस बनवताना विषाणू वाढवला जातो तो मुख्यतः याच पेशींवर. आपल्या गोठ्यात येणाऱ्या पशुवैद्याच्या थंड पेटीचे मूळ ग्लासगोतल्या हॅमस्टरच्या मूत्रपिंडात असावे, हे मला अजूनही थोडे गमतीचे वाटते.

ध्रुवीयतेच्या दृष्टीने मात्र बीएचके-२१ चे महत्त्व तिच्या उणिवेत आहे. ही पेशी मूत्रपिंडातली असली तरी नलिकेच्या भिंतीतली नाही; भिंतींमधल्या संयोजी ऊतीच्या पेशींसारखी, लांबट आणि सुटी. तिला पोकळीची बाजू नाही. पण तिच्यावर काम करताना एक गोष्ट सापडली. १९६४ मध्ये मॅकफर्सन आणि त्या काळी ग्लासगोत काम करत असलेले तरुण फ्रेंच संशोधक ल्यूक माँतान्ये यांनी (हेच पुढे एचआयव्हीच्या शोधासाठी २००८ चे नोबेल मिळवणारे) मऊ अगारमध्ये पेशी तरंगत ठेवल्या. निरोगी पेशी वाढेनात. पॉलिओमा विषाणूने बिघडवलेल्या पेशी मात्र तरंगत असूनही वाढू लागल्या. चार वर्षांनी स्टोकर यांनी यातला नियम स्पष्ट मांडला: निरोगी पेशीला वाढायला कशाला तरी चिकटून राहणे लागते. कर्करोगाच्या अभ्यासात हे निरीक्षण अजरामर झाले. पण त्यातच दिशेच्या प्रश्नाचे बीज होते. पेशी ज्याला चिकटते त्यावरून ती काहीतरी ओळखते.

दुसरा पेशीवंश याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या बर्कली इथे मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढला होता. एमडीसीके. या पेशी नलिकेच्या भिंतीतल्या होत्या आणि बशीतही त्यांनी आपला स्वभाव सोडला नाही. एकमेकींना घट्ट चिकटून त्या अखंड चादर विणत आणि मग चादरीला जागोजागी फुगे येत. पेशी वरच्या बाजूने पाणी आणि मीठ शोषून खालच्या बाजूला सोडत होत्या. बशीचा तळ बंद, त्यामुळे पाणी साचून चादर वर उचलली जाई. शरीरातून काढून कितीतरी पिढ्या झाल्या, तरी त्या नेमून दिलेल्या दिशेनेच पाणी वाहत होत्या. १९७८ मध्ये एन्रिके रॉड्रिगेज-बुलान आणि डेव्हिड साबातिनी यांनी न्यूयॉर्कमध्ये या पेशींना विषाणूंची लागण केली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. इन्फ्लुएन्झाचा विषाणू फक्त वरच्या पटलातून बाहेर पडत होता. जनावरांच्या तोंडात फोड आणणारा व्हीएसव्ही फक्त खालच्या आणि बाजूच्या पटलातून. याचा अर्थ असा, की पेशीच्या आत प्रथिनांवर जणू पत्ता लिहिला जातो आणि तो वाचून त्यांची रवानगी होते. विषाणू ती आयती व्यवस्था वापरतात, इतकेच. या विषयाची आधुनिक सुरुवात मी या प्रयोगापासून धरतो. इतर कुणी वेगळी धरेल.

पत्ता वाचला जातो हे कळले, पण मुळात 'वर' आणि 'खाली' ठरवते कोण? या प्रश्नाचे अर्धे उत्तर मूत्रपिंडाशी काडीचाही संबंध नसलेल्या प्राण्यांत सापडले. केन केम्फ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत 'पार' जनुके शोधली. ती बिघडली की कृमीचे फलित अंडे पहिल्याच विभाजनात पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते हे विसरते. १९९० मध्ये टेपास आणि क्नुस्ट यांनी फळमाशीत 'क्रम्ब्स' हे जनुक वर्णिले. ते नसेल तर माशीच्या भ्रूणाची त्वचा अक्षरशः भुगा होते. पुढे दिसून आले, की हीच प्रथिने थोड्या फरकाने माणसाच्या नलिकेतही तेच काम करतात. तत्त्व रांगडे आहे. पार-३, पार-६ आणि एपीकेसी हे विकर यांचा एक गट पेशीची एक बाजू धरतो, पार-१ आणि स्क्रिबल यांचा गट दुसरी. प्रत्येक गट आपल्या हद्दीत आलेल्या दुसऱ्या गटाच्या प्रथिनाला फॉस्फेटची खूण लावून हाकलून देतो. कुणी मध्यस्थ नाही, नकाशा नाही. सतत चाललेल्या या हुसकावणीतून सीमा उभी राहते, आणि हुसकावणी थांबली की पुसली जाते. ध्रुवीयता ही पेशीची स्थिती नसून तिचे रोजचे काम आहे, हे वाचकाने इथेच लक्षात घ्यावे. पुढे मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल जे येईल त्यातले बरेचसे यावरून समजते.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग पुन्हा मूत्रपिंडाच्या पेशीकडे आणि थोडा ग्लासगोकडे नेतो. एमडीसीकेची एकटी पेशी जेलमध्ये, चहूबाजूंनी आधार असेल अशी, रोवली तर ती विभागते आणि काही दिवसांत पोकळ गोळा बनवते: मध्ये पोकळी, भोवती पेशींची एकेरी भिंत. हा गोळा कसा घडतो याचा मागोवा डेव्हिड ब्रायंट यांनी आधी सॅन फ्रान्सिस्कोत कीथ मोस्तोव यांच्या प्रयोगशाळेत घेतला आणि नंतर ग्लासगोत स्वतःचा गट उभारून पुढे नेला. गंमत अशी, की सुरुवातीला पेशीची दिशा उलटी असते. पोकळीच्या बाजूची खूण मानले जाणारे पोडोकॅलिक्सिन हे प्रथिन आधी बाहेर, जेलला लागून असलेल्या पृष्ठभागावर बसते. मग पटलातले इंटेग्रिन नावाचे रेणू जेलला पकडतात आणि आत संदेश पाठवतात, की ही आधाराची बाजू आहे. त्यासरशी पोडोकॅलिक्सिन पटलातून सोडवले जाते, लहान लहान पुटिकांत भरून आत ओढले जाते आणि दोन पेशींच्या सामाईक हद्दीवर एका ठरावीक बिंदूपाशी नेऊन उतरवले जाते. तिथे पोकळी उघडते. २०१० आणि २०१४ च्या शोधनिबंधांत या वाहतुकीतले टप्पे आले: रॅब कुळातली प्रथिने, पार-३, आणि दिशा फिरवणारी आण्विक कळ. आधार काढून घेतला, म्हणजे पेशी द्रवात तरंगत ठेवल्या, तर गोळा तयार होतो पण उलटा, पोकळीची बाजू बाहेर करून. स्टोकर आणि मॅकफर्सन यांच्या निरीक्षणाशी हे ताडून पाहावे. चिकटण्यावरून निरोगी पेशी ओळखते ते हे: जिथे चिकटले ती बाजू रक्ताची, जिथे चिकटायला काही नाही ती पोकळीची.

२०१८ मध्ये ग्लासगोच्या गटाने यात आणखी एक भर घातली. पटल केवळ प्रथिनांचे नसते, ते मेदाचे असते, आणि त्या मेदातल्या फॉस्फोइनोसिटाइड रेणूंवर फॉस्फेट कुठे लागले आहे त्यावरून बाजूंची ओळख पटते. पीआय(३,४)पी२ हा त्यातला एक दुर्मिळ रेणू पोकळीच्या बाजूची ओळख ठरवणाऱ्यांपैकी आहे, असे या गटाने दाखवले. ज्या शहरात दिशाहीन मूत्रपिंडपेशीचा वंश निघाला, तिथेच अर्धशतकानंतर दिशा ठरवणारा रेणू हाती लागावा, यात योगायोगापलीकडे काही आहे असे मी म्हणणार नाही.

आता गर्भाकडे. आईच्या पोटात माणसाचे मूत्रपिंड तीनदा घडवायला घेतले जाते. पहिले दोन प्रयत्न मोडीत निघतात आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास तिसऱ्याला सुरुवात होते, तेच टिकते. मूत्रवाहिनीचा एक अंकुर सैल, विस्कळीत पेशींच्या ढिगात शिरतो आणि फांद्या फोडत जातो. ढिगातल्या या पेशी बीएचकेसारख्याच, दिशा नसलेल्या. अंकुराच्या प्रत्येक टोकाशी त्या गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यात पोकळी उघडते. पुढे तो गोळा लांबतो, इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळतो. त्याचे एक टोक रक्तवाहिन्यांच्या गुच्छाला कवेत घेते, दुसरे अंकुराच्या फांदीला जोडले जाते. एक नेफ्रॉन तयार. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लिफर्ड ग्रॉबस्टीन यांनी उंदराच्या भ्रूणातला हा ढीग अंकुरापासून वेगळा काढला तेव्हा काहीच घडले नाही. शेजारी मज्जारज्जूचा तुकडा ठेवला तर मात्र नलिका उगवल्या. संदेश बाहेरून येतो हे सिद्ध झाले, तो कोणता हे कळायला चाळीस वर्षे लागली. आज आपण जाणतो, की अंकुर विंट-९बी सोडतो, त्याला प्रतिसाद म्हणून ढिगातल्या पेशी स्वतः विंट-४ बनवू लागतात आणि सुट्या पेशींची भिंत होते. भिंत होणे म्हणजेच बाजू ठरणे.

हे काम गर्भारपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि मग कायमचे थांबते. सरासरीने एका मूत्रपिंडात दहा लाख नेफ्रॉन असतात म्हणतात, पण माणसामाणसांत हा आकडा दोन-अडीच लाखांपासून वीस लाखांपर्यंत हलतो. त्यानंतर गमावलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही. वेळेआधी किंवा कमी वजनाने जन्मलेली बाळे आपल्याकडे किती, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. त्यांच्या मूत्रपिंडांचा हिशेब आयुष्यभर पुरणारा आहे का, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच सरकारचाही आहे, आणि त्याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही असे माझे मत आहे.

नलिकेला आणखी एक दिशा असते. रक्त आणि पोकळी हा आडवा अक्ष झाला; नलिकेच्या लांबीचा अक्ष वेगळा. नलिका वाढताना पेशी लांबीच्या दिशेने विभागल्या आणि एकमेकींत शिरून रचल्या गेल्या तर ती लांब आणि बारीक होते. आडव्या विभागल्या तर फुगते. विंट-९बी हा संदेश कमी पडला तर उंदराच्या नलिका रुंद होतात, हे २००९ मध्ये दिसले. त्याआधी, २००६ मध्ये, फ्रान्समधल्या मार्को पाँतोलिओ यांच्या गटाने मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणाऱ्या उंदीर-घुशींत विभाजनाची दिशा बिघडलेली असते असे दाखवले होते, आणि त्यावर एक देखणा सिद्धान्त उभा राहिला: दिशा चुकली म्हणून गाठ होते. देखण्या सिद्धान्तांचे होते ते याचेही झाले. २०१० मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात काही उंदरांत विभाजनाची दिशा बिघडूनही गाठी आल्या नाहीत, तर काहींत गाठी आधी आल्या आणि दिशा नंतर बिघडली. आज बहुतेकांचे म्हणणे, की दिशा चुकणे हे गाठीला खतपाणी घालते, पण बी तेच असेल असे नाही.

ही गाठ म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे, कारण ती पाहण्याची युक्तीही ग्लासगोतलीच. २१ जुलै १९५५ रोजी इथले स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून शहराजवळच्या रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. धातूतल्या भेगा शोधायचे तिथले ध्वनियंत्र गाठींवर लावून त्यांनी पाहिले, तर पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येत होते. तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडा कारखान्यानेच पुरवला होता. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांचा निबंध ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईच्या पोटात खरे तर अंडाशयाची पाण्याची गाठ होती; ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या. आज तालुक्याच्या गावी होणारी सोनोग्राफी त्याच वाटेने आली, आणि मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बहुतेकांना कळतो तो तिच्यामुळेच.

हा आजार हजार-दोन हजारांत एकाला असतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. बहुतेक घराण्यांत दोष पीकेडी-१ या जनुकात असतो. ते १९९४ मध्ये सापडले. त्याचे प्रथिन पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या एका सूक्ष्म लवेवर बसते. नलिकेच्या पेशीचे ठरलेले काम पोकळीतले पाणी रक्ताकडे नेण्याचे. गाठीतली पेशी उलट करते: पोकळीच्या बाजूने क्लोराइड सोडते, त्यामागे सोडियम आणि पाणी जाते, गाठ फुगत राहते. सोडियमचे पंपही अशा पेशीत चुकीच्या बाजूला असतात असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. नंतर सर्वांना ते तसे आढळले नाही आणि वाद मिटलेला नाही. पाणी सोडण्याची कळ मात्र नक्की आहे. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला येऊन थडकते आणि तिथून पोकळीची बाजू सक्रिय होते. ते थडकणे अडवणारे टोलव्हॅप्टन हे औषध २०१२ च्या मोठ्या चाचणीत गाठींची वाढ मंदावताना दिसले. रुग्णाला त्यापायी दिवसातून कितीदा लघवीला उठावे लागते, हे औषधाच्या कोणत्याही जाहिरातीत येत नाही.

ग्लासगोतल्या माश्यांकडे वळतो. मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात माणसाच्या मूत्रपिंडातले रक्तवाहिन्यांचे गुच्छ पाहिले आणि रेशमाच्या किड्यातल्या उत्सर्जक नलिकाही. दोन्हींना त्याचे नाव मिळाले. ज्युलियन डाऊ आणि शिरीन डेव्हिस यांनी ग्लासगो विद्यापीठात फळमाशीच्या या नलिकांना संशोधनाचे साधन बनवले. माशीत त्या चारच असतात, प्रत्येकी केसाएवढी. पण आकारमानाच्या मानाने त्या ज्या वेगाने पाणी सोडतात त्याला तोड नाही. त्यांच्या मुख्य पेशीत शक्तीचा उगम पोकळीच्या बाजूला आहे: तिथला प्रोटॉन पंप. आपल्या नलिकेत शक्तीचा उगम रक्ताच्या बाजूला. यंत्र उलटे बसवूनही चालते, फक्त बाजू नीट ठरलेली हवी.

या माश्यांत एक जुने कोडे होते. सोडियम-पोटॅशियम पंपाला मारणारे वबाइन हे विष कीटकांच्या नलिकेवर काहीच परिणाम करत नसे, म्हणून तिथे हा पंप नाहीच असे कित्येक जण मानत. २००४ मध्ये डाऊ यांच्या गटाने उलगडा केला. पंप होता, रक्ताच्या बाजूलाच, आणि विषाला बळी पडणाराही. पण त्याच पटलावर शेजारी एक वाहक होता, तो वबाइन उचलून पेशीतून पार करून बाहेर टाकत होता. विष पंपापाशी टिकतच नव्हते. मला हा या विषयातला सर्वात चतुर शोध वाटतो.

माशीच्या नलिकेत ताऱ्यासारख्या आकाराच्या पेशी असतात. त्या मूळच्या नलिकेतल्या नसतातच. भ्रूणातल्या दुसऱ्या थरातून त्या उपऱ्या येतात, भिंतीत शिरतात, आणि शिरताना त्यांना बाजू मिळतात. बॅरी डेनहोम, हेलन स्केअर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवले. मानवी गर्भातल्या सैल ढिगाची भिंत होते त्याच घटनेची ही छोटी आवृत्ती. रक्त गाळणाऱ्या आपल्या पेशींच्या पायांमधल्या पडद्यातले नेफ्रिन हे प्रथिन १९९८ मध्ये सापडले आणि २००९ मध्ये माशीच्या रक्तशोधक पेशींत त्याचाच भाऊबंद भेटला. गाळणीचा तो पडदाही पोकळीची बाजू आणि रक्ताची बाजू यांच्या नेमक्या सीमेवर ताणलेला असतो. 'क्रम्ब्स'चा मानवी अवतार सीआरबी-२ बिघडला तर काही मुलांत प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, हे २०१५ मध्ये कळले. म्हणजे ज्या गाळणीची मी वर टिंगल केली, तिलाही दिशेवाचून उभे राहता येत नाही.

मोठ्या माणसात ध्रुवीयता तासाभरातही मोडू शकते. घोणस चावली, बाळंतपणात खूप रक्त गेले, जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले, की मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. इंधन संपताच पेशीचा आतला सांगाडा ढिला पडतो, पोकळीकडची झालर गळते आणि सोडियमचे पंप आपली बाजू सोडून दुसरीकडे पसरतात. पेशी मेलेली नसते. तिला बाजू राहिलेली नसते. मीठ परत घेतले जात नाही आणि लघवीत सोडियम वाढते. अशा रुग्णाच्या लघवीतले सोडियम डॉक्टर मोजतात ते यासाठी: ते कमी असेल तर नलिका अजून शुद्धीवर आहेत, रक्तपुरवठा सुधारला की काम भागेल, जास्त असेल तर पेशींना पुन्हा दिशा लावून घ्यायला दिवस-आठवडे लागतील, तोवर कदाचित डायलिसिस. बरे होताना पेशी गर्भातलीच जुनी जनुके पुन्हा वापरतात.

आणि शेवटचा धागा औषधाच्या दुकानातला. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात साखर परत घेणारे मुख्य वाहक प्रथिन, एसजीएलटी-२, फक्त पोकळीच्या बाजूला असते. रक्ताच्या बाजूला साखर सोडणारे प्रथिन वेगळे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले फ्लोरिझिन दिले की लघवीतून साखर जाते, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. त्यावरून घडवलेली 'ग्लिफ्लोझिन' औषधे मधुमेहासाठी आली. पण २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे जॉन मॅकमरी यांच्या नेतृत्वाखालच्या डापा-एचएफ चाचणीत ४,७४४ हृदयविकारग्रस्तांवर डापाग्लिफ्लोझिन वापरले गेले, आणि मधुमेह असो वा नसो, हृदय निकामी होणे बळावण्याचे आणि हृदयविकाराने मरण्याचे एकत्रित प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही त्याचा मोठा उपयोग दिसला. त्याच वर्षी, २०२० मध्ये, भारतात या औषधाचे पेटंट संपले आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. मराठी घरांतले कितीतरी आजी-आजोबा त्या गोळ्या सकाळी घेतात. लघवीत साखर दिसली म्हणून घाबरतात, कारण वर्षानुवर्षे त्यांना उलटे सांगितले गेलेले असते. त्यांना समजावणाऱ्या नातवंडांसाठीही ही प्रकरणे आहेत.

जे अजून जमलेले नाही त्याची कल्पना सुरुवातीलाच द्यावी. २०१५ मध्ये मेलबर्नमध्ये मेलिसा लिटल यांच्या गटाने मानवी मूळपेशींपासून बशीत मूत्रपिंडाची लहान प्रतिकृती वाढवली. तिच्यात नेफ्रॉन आहेत, गुच्छ आहेत, नलिकांच्या पेशींना रक्ताची बाजू आणि पोकळीची बाजूही आहे. पण तिथे रक्त पुरेसे पोचत नाही, आणि सगळ्या नलिकांना एका मूत्रवाहिनीशी जोडणारी सलग वाट नाही. पेशींना दिशा कळते, अवयवाला अजून नाही. त्यामुळे ही प्रतिकृती आज औषधे तपासायला आणि गाठींचा आजार बशीत पाहायला वापरतात; डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्याला तिचा उपयोग व्हायचा आहे.